नशेबद्दल समाज जे बोलतो ते माणसाच्या आत किती उतरलंय, हे कसं मोजायचं

पहिल्यांदा मी ही मोजणी करायला बसले तेव्हा हातात तीस विधानांची प्रश्नावली होती, इंग्रजीवरून मराठीत केलेली, आणि समोर कोरेगावकडचे एक पन्नाशीचे शेतकरी होते, दारू सोडायला ॲडमिट झालेले. मी वाचलं, "दारू पिणाऱ्या माणसावर विश्वास ठेवता येत नाही. सहमत की असहमत?" ते जरा थांबले आणि म्हणाले, "ताई, हे लोक काय म्हणतात ते विचारताय, का मला काय वाटतं ते, का माझ्यावर विश्वास ठेवावा का नाही ते?" माझ्याकडे तिन्हीला मिळून एकच चौकोन होता. मी "सहमत"वर टिक केली आणि पुढच्या विधानाकडे गेले, ती टिक नक्की कशाची होती हे मला आजही सांगता येणार नाही.

या विषयात जी काही मेख आहे ती त्यांच्या त्या एका प्रश्नात आहे. लोक काय म्हणतात हे माहीत असणं वेगळं, ते आपल्याला पटणं वेगळं, आणि ते स्वतःला लावून घेणं आणखी वेगळं. तिन्ही गोष्टी एका आकड्यात कोंबल्या की तो आकडा काहीच सांगत नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी प्रोजेक्टमध्ये नेमकं हेच होतं. म्हणून एमएसडब्ल्यू, सायकॉलॉजी, नर्सिंगवाले विद्यार्थी आणि व्यसनमुक्तीच्या कामातले समुपदेशक यांच्यासाठी, मी जसं करत गेले आणि चुकत गेले त्या क्रमाने सगळं लिहितेय. उदाहरणं बहुतेक दारूची आहेत कारण माझं काम तिथे आहे आणि आपल्याकडचा मोठा प्रश्नही तोच आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या देशपातळीच्या पाहणीत १० ते ७५ वयातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात असं निघालं, आणि त्यातल्या ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज आहे असं.

आधी चौकटी गोळा करा, विधानं नंतर

चौकट म्हणजे नुसतं मत नव्हे. चौकटीत चार गोष्टी एकदम येतात: प्रॉब्लेम काय आहे, दोष कुणाचा, यात चांगलं-वाईट काय, आणि उपाय काय. "वाईट संगतीने नादी लागला" म्हटलं की दोष मित्रांचा आणि उपाय म्हणजे संगत तोडा नाहीतर लग्न लावून द्या. "मनच कच्चं त्याचं" म्हटलं की दोष त्याचा, आणि मनावर घेतलं तर उद्या सुटेल. "आजार आहे" म्हटलं की डॉक्टर, "गर्दुल्ला" म्हटलं की पोलीस, "कुणीतरी करणी केलीय" म्हटलं की देवऋषी आणि अंगारा. आणि "दिवसभर राबतो, दोन घोट घेतले तर काय बिघडलं" म्हटलं की मुळात प्रॉब्लेमच नाही. एकाच माणसाच्या घरात आई, बायको, भाऊ आणि सासरे यातल्या चार वेगवेगळ्या चौकटी घेऊन बसलेले असतात आणि तो माणूस मधोमध बसून सगळ्या ऐकत असतो.

या चौकटी नुसत्या पारावर तयार होत नाहीत, कायद्यातही बसलेल्या असतात. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, त्यामुळे महाराष्ट्रात दारू प्यायला जो परवाना मिळतो तो कागदावर आरोग्य जपण्यासाठी म्हणून मिळतो. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, गांजा ओढणं गुन्हा आहे, पण त्याच झाडाची नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून महाशिवरात्रीची भांग वेगळी ठरते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास मानसिक आजारात मोजलेत. म्हणजे आरोग्य, गुन्हा आणि आजार अशा तीन चौकटी सरकारनेच आपल्या हातात दिल्यात. त्याच्यावर वर्धा, गडचिरोलीसारखे दारूबंदीचे जिल्हे, २०१५ ला बंदी आलेलं आणि २०२१ ला उठलेलं चंद्रपूर, गावोगावच्या बायकांनी मतदान करून आडवी केलेली बाटली. जिथे बाटली आडवी करायला आख्ख्या गावातल्या बायका रांगेत उभ्या राहिल्यात तिथल्या माणसाला दारूबद्दल जी शरम वाटते ती मुंबईतल्या ऑफिस पार्टीत पिणाऱ्याला वाटेलच असं नाही, आणि दोघांना एकच प्रश्नावली देऊन सरासरी काढणं चुकीचं आहे.

आणि काही पदार्थ तर चौकटीच्या बाहेरच राहतात. एका वस्तीत मी बायकांना विचारत होते, "घरात कुणाला काही व्यसन आहे का?" एक आजी म्हणाल्या, "नाही गं बाई, आमच्यात कुणाला नाही." बोलता बोलता त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली, छोटी डबी काढली, बोटावर मिशरी घेतली आणि हिरडीवरून फिरवायला लागल्या. मिशरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दिवसातून चार-पाचदा लावतात, नाही लावली तर डोकं दुखतं असं त्या स्वतःच म्हणाल्या. पण ते "दात घासणं" आहे. तुमच्या प्रश्नावलीत "व्यसन" हा शब्द असेल तर या आजींसाठी तुमचा एकही प्रश्न लागू होत नाही. त्यामुळे पदार्थाचं नाव घ्या, "दारू", "मिशरी", "गांजा", "गोळ्या", आणि "व्यसन" हा शब्द कोण कशासाठी वापरतं हीच एक मोजायची गोष्ट समजा.

गोळा कसं करायचं ते सांगते. पंधरा-वीस माणसं निवडा, पिणारे, त्यांच्या घरचे, शेजारपाजारचे, एखादा दुकानदार, एखादी आशाताई. त्यांना स्वतःबद्दल काहीही विचारू नका. एवढंच विचारा: "तुमच्याकडे कुणी जास्त पीत असेल तर लोक त्याच्याबद्दल काय काय बोलतात?" आणि मग गप्प बसा. जे येईल ते त्यांच्याच शब्दांत लिहा, सुधारू नका. "वाया गेला", "घर बुडवलं", "सोन्यासारखा माणूस पण दारूने खाल्ला", "बापाच्या वळणावर गेला", "दारू वाईट, माणूस वाईट नाही". शुद्ध भाषेत लिहायचा मोह होतो, मलाही झाला होता, आणि "घर बुडवलं"चं मी "कौटुंबिक आर्थिक हानी" करून ठेवलं होतं, त्यात त्या बाईचा राग पार निघून गेला. सलग तीन-चार माणसांकडून नवं काहीच आलं नाही की थांबा. मग वाक्यांच्या चिठ्ठ्या करा आणि दोघांनी वेगवेगळं बसून त्यांचे गठ्ठे करा, दोघांचे गठ्ठे जिथे जुळत नाहीत तिथे वाद घाला, चौकटी तिथेच नीट कळतात. आधी माणसाच्या शब्दांत गोष्ट ऐकायची आणि मग आकडे लावायचे ही पद्धत काही नवी नाही, मिचेल वाइस आणि सहकाऱ्यांनी मुंबईत कुष्ठरोगाच्या पेशंटबरोबर केलेल्या अभ्यासातून १९९२ मध्ये याच धर्तीचं मुलाखतीचं साधन मांडलं होतं, आणि ते पुढे बऱ्याच आजारांच्या कलंकासाठी वापरलं गेलं.

शेवटी चार, फार तर पाच चौकटी घ्या. सगळ्या घेतल्या तर प्रश्नावली तासाभराची होते आणि अर्ध्यानंतर माणूस कंटाळून काहीही उत्तर देतो. आणि पदार्थ एकच, गट एकच. पिणारे पुरुष घेतलेत तर तेवढेच. पिणाऱ्या बायकांचा गट पूर्ण वेगळा करायला लागतो कारण त्यांच्याबद्दल जे बोललं जातं त्यात चारित्र्य येतं, जे पुरुषांच्या बाबतीत कुणी काढतसुद्धा नाही.

चार पायऱ्या

पॅट्रिक कॉरिगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मानसिक आजाराच्या कलंकाबद्दल जी मांडणी केली ती इथे फार उपयोगी पडते, आणि जर्मनीतल्या शोमेरूस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ती दारूसाठी वापरून मोजपट्टीसुद्धा केली. चार पायऱ्या आहेत. पहिली, लोक असं म्हणतात हे मला माहीत आहे. दुसरी, मलाही ते पटतं. तिसरी, मी तसाच आहे. चौथी, त्यामुळे माझी माझ्या नजरेतली किंमत कमी झाली. चौथीच्या पुढे आणखी एक गोष्ट येते जी आपल्याला रोज दिसते, "आता सोडून तरी काय उपयोग", आणि माणूस उपचार अर्धवट टाकून जातो त्यामागे खूपदा हेच असतं.

एकच चौकट चारही पायऱ्यांवर कशी न्यायची ते बघा. चौकट घेऊया बेभरवशाचा माणूस. पहिल्या पायरीवर: "आमच्याकडे बहुतेक लोक म्हणतात की पिणाऱ्याच्या शब्दाला किंमत नसते." दुसरीवर: "मला स्वतःला वाटतं की पिणाऱ्याच्या शब्दाला किंमत नसते." तिसरीवर: "मी पितो म्हणून माझ्या शब्दाला किंमत नाही." चौथीवर: "माझ्या शब्दाला किंमत नाही असं वाटून माझी मलाच लाज वाटते." शब्द शक्यतो तेच ठेवायचे, फक्त कोण बोलतंय ते बदलायचं. नाहीतर पायऱ्यांमधला फरक पायरीचा आहे की शब्दांचा हे कळणार नाही.

विचारताना आधी सगळ्या चौकटींची पहिली पायरी पूर्ण करा, मग सगळ्यांची दुसरी, मग तिसरी. एकाच चौकटीच्या चारही पायऱ्या लागोपाठ विचारल्या तर माणसाला कळतं की आपल्याला कुठे नेतायत, आणि तो आधीच्या उत्तराशी जुळवून पुढचं देतो. शिवाय लोकांबद्दल बोलता बोलता स्वतःवर येणं माणसाला जमतं, एकदम स्वतःवर नेलं की खाली बघतो आणि "हो हो" म्हणत राहतो.

विधान लिहिताना

एका विधानात एकच गोष्ट. "दारुडे लोक घर बघत नाहीत आणि मारझोड करतात" यात दोन गोष्टी आहेत, घर न बघणारे पण हात न उचलणारे कितीतरी असतात, ते काय उत्तर देणार. दुहेरी नकार तर अजिबात नको, "पिणारा माणूस चांगला बाप होऊ शकत नाही असं मला वाटत नाही" हे वाचून मलाच दोनदा विचार करावा लागतो, मग दिवसभराच्या थरथरीनंतर बसलेल्या माणसाचं काय. "नेहमी", "कधीच", "सगळेच" हे शब्द आले की लोक फक्त त्या शब्दाला नाही म्हणतात.

"समाज" हा शब्द काढा. मी एका माणसाला "समाज तुमच्याकडे कसा बघतो" विचारलं तर त्यांनी त्यांच्या जातीच्या मंडळाबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं, मराठीत समाज म्हणजे तेही होतं. "आमच्याकडे", "गावात", "नातेवाईक", "शेजारी", असं धरता येईल असं काहीतरी ठेवा. तसंच "कलंक" हा शब्द पेपरात ठीक आहे, तोंडी कुणी वापरत नाही. लोक म्हणतात "नाव खराब झालं", "तोंड दाखवायला जागा नाही", "चारचौघांत मान खाली गेली".

म्हणी वापराव्यात का हा प्रश्न येतो. मी दोन-तीन घातल्या होत्या आणि मग काढल्या. म्हण ऐकली की माणूस होच म्हणतो, कारण म्हण खोटी कशी म्हणायची, त्यामुळे तिथे सगळ्यांचे मार्क सारखे येतात आणि विधान निकामी होतं.

आणि ज्या चौकटी चांगल्या वाटतात त्याही ठेवा. "मर्दाने थोडी घ्यावीच", "दमल्यावर घेतली तर शीण जातो", "बिझनेसमध्ये बसावंच लागतं". यासुद्धा समाजाने दिलेल्याच आहेत आणि आत उतरलेल्याच आहेत, आणि दोषाच्या चौकटीबरोबर एकाच माणसात मजेत नांदतात. फक्त वाईट चौकटी मोजल्या तर तुम्हाला शरम कळेल पण तो माणूस शनिवारी परत का बसला ते कळणार नाही.

उत्तर कशात घ्यायचं

"पूर्णतः सहमत, अंशतः सहमत, तटस्थ" हे वाचून दाखवलं की लोक पहिलं किंवा शेवटचंच ऐकतात. माझ्याकडे वयस्कर लोकांबरोबर आण्यांचा हिशोब फार छान चालला: सोळा आणे खरं, बारा आणे, आठ आणे, चार आणे, अजिबात नाही. त्यांना ते लगेच समजतं, आणि "बारा आणे म्हणा" असं ते विचार करून सांगतात. पण तिशीच्या आतल्या पोरांना आणे कळत नाहीत, त्यांना दहापैकी मार्क द्यायला सांगितलेलं जास्त जमतं. मात्र एका अभ्यासात एकच पद्धत ठेवा, निम्म्यांना आणे आणि निम्म्यांना मार्क असं केलं तर तुलना संपली. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र करतात, कमी-जास्त भरलेले ग्लास काढतात, ते दारूच्या अभ्यासात कृपा करून काढू नका. मी काढले होते, आणि एका पेशंटने तो कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाला की हे समोर नको, तलफ येते. जिन्याच्या पायऱ्या काढा, बास.

छापण्याआधी मोठ्याने विचार करायला लावा

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. आठ-दहा लोकांना एकेकटं बसवून प्रत्येक विधान वाचायचं, उत्तर घ्यायचं आणि मग विचारायचं, "हे ऐकून तुमच्या डोळ्यासमोर कोण आलं? तुमच्या शब्दांत सांगा मी काय विचारलं? बारा आणे का म्हणालात, सोळा का नाही?" एका विधानात "सुधारणं" हा शब्द होता, मला वाटलं होतं लोकांना तो उपचार वाटेल, पण चार जणांनी सांगितलं की सुधारणं म्हणजे आधी बिघडलेलं असणं, आणि त्यांचा राग तिथे होता. तो शब्द काढून "दारू सुटणं" केलं.

बाहेरची मोजपट्टी मराठीत आणणार असाल तर दोघांनी वेगवेगळं भाषांतर करा, एकत्र बसून एक करा, मग मूळ न बघितलेल्या तिसऱ्याकडून उलट भाषांतर करून घ्या आणि शेवटी पुन्हा या आठ-दहा लोकांकडे जा. नुसतं उलट भाषांतर जुळलं म्हणजे झालं असं नाही, "समाज" उलटं केलं तरी समाजच येतो. आणि मूळ मोजपट्टी बनवणाऱ्याची परवानगी घ्या, एक ईमेल लागतो.

गोष्टीची जोड द्या

सरळ विचारलेल्या प्रश्नाला माणूस शहाणपणाचं उत्तर देतो. म्हणून बरोबर एक छोटी गोष्ट ठेवावी, दोन रूपांत, फक्त एक शब्द वेगळा. अमेरिकेत जॉन केली आणि वेस्टरहॉफ या संशोधकांनी २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात ५०० हून जास्त मानसिक आरोग्य व्यावसायिकांना एकाच माणसाची गोष्ट दिली, निम्म्यांच्या कागदावर त्याला ड्रग्जचा गैरवापर करणारा म्हटलं होतं आणि निम्म्यांच्या कागदावर पदार्थसेवनाचा आजार असलेला. पहिल्या शब्दावाल्यांनी दोष त्याचाच आहे आणि कडक उपाय हवेत याकडे जास्त कल दाखवला. उपचार करणारे, शिकलेले लोक होते ते.

मराठीत हे करायला सोपं आहे. "रमेश चाळीस वर्षांचा आहे, ऊसतोडीला जातो, गेली आठ वर्षं तो बेवडा आहे" आणि दुसऱ्या कागदावर शेवट "गेली आठ वर्षं त्याला दारूचा त्रास आहे". बाकी अक्षर न अक्षर सारखं. मग दोन्हीला तेच प्रश्न: यात दोष किती त्याचा, याला पैसे उसने द्याल का, याची दारू सुटेल का, याला गावच्या पतसंस्थेवर घ्याल का. कागद पत्ते पिसावेत तसे आधी पिसून ठेवायचे, समोरच्याचा चेहरा बघून कुठला द्यायचा ते ठरवायचं नाही. हे पिणाऱ्या माणसांनासुद्धा विचारा. जो माणूस स्वतःच्या प्रश्नांना "मला तसं काही वाटत नाही" म्हणतो तोच "बेवडा" रमेशला पैसे द्यायला नाही म्हणतो, तेव्हा आत काय उतरलंय ते तिथे दिसतं.

कुठे, कधी, आणि कुणाला विचारायचं नाही

घरात बायको-मुलांसमोर हे विचारू नका. उत्तरं खोटी येतात हा एक भाग, पण तुम्ही गेल्यावर त्या उत्तरांवरून घरात काय होईल हा मोठा भाग. जो माणूस प्यायलेला आहे त्याला विचारू नका, आणि जो रोज भरपूर पिणारा कालच प्यायचा थांबलाय त्यालाही नाही. हात थरथरणं, घाम, झटके, भ्रम हे दारू अचानक थांबल्यावर होतं आणि त्यात जीव जाऊ शकतो, असं काही दिसलं तर कागद बाजूला ठेवा आणि त्यांना हॉस्पिटलमध्ये पोचवा.

गांजा, गर्द, गोळ्यांबद्दल विचारत असाल तर तुमच्या कागदावर जे लिहाल ते त्या माणसासाठी धोक्याचं आहे हे लक्षात ठेवा. एनडीपीएस कायद्याच्या ६४अ कलमात स्वतःहून उपचाराला येणाऱ्याला काही संरक्षण आहे, पण तुमच्या वहीला ते मिळत नाही. नाव, मोबाईल, गाव काहीच लिहायचं नाही, नुसता नंबर, आणि संमती सहीपेक्षा तोंडी घ्यायची परवानगी आधीच नीतिमत्ता समितीकडून मागून घ्या. संमतीपत्राचा मजकूर मोठ्याने वाचा, "मधेच उठून गेलात तरी तुमचा उपचार बंद होणार नाही" हे दोनदा सांगा कारण पेशंटला तीच भीती असते. शेवटी प्रत्येकाला केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ लिहून द्या.

आकडे

विधानं वीस असतील तर निदान शंभर माणसं, दोनशे मिळाली तर चांगलं. पहिली तीस-चाळीस झाली की थांबून बघा कुठल्या विधानाला सगळेच सोळा आणे म्हणतायत, ते काढा. मग प्रत्येक पायरीचा क्रोनबॅक अल्फा काढा, तो सांगतो की त्या पायरीची विधानं एकाच दिशेला ओढतायत का. ०.७ च्या वर ठीक, पण ०.९५ च्या वर गेला तर खुश होऊ नका, तुम्ही एकच वाक्य पाच वेळा विचारलंय. जामोवी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हे आणि घटक विश्लेषण दोन्ही होतं. घटक विश्लेषणाने चौकटी खरंच वेगळ्या पडतायत का ते बघा, आणि तीच रचना पक्की करायला नवी माणसं घ्या, त्याच शंभरांवर पुन्हा तपासून काही सिद्ध होत नाही.

तेच लोक परत विचारून उत्तर टिकतं का ते बघतात, पुस्तकात दोन आठवड्यांचं अंतर असतं. पण व्यसनमुक्ती केंद्रात दोन आठवड्यांत माणूस खरोखरच बदलतो, त्यामुळे उत्तर बदललं ते मोजपट्टी कच्ची म्हणून की माणूस बदलला म्हणून हे सांगता येत नाही. ही तपासणी ओपीडीला येणाऱ्यांवर किंवा चार-पाच दिवसांच्या अंतराने करा. जोडीला डिप्रेशनसाठी पीएचक्यू-९ ही छोटी प्रश्नावली आणि पिण्याचं प्रमाण मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ऑडिट चाचणी लावा. तिसऱ्या-चौथ्या पायरीचा डिप्रेशनशी थोडाफार संबंध यायलाच हवा, पण अगदी तंतोतंत जुळला तर तुम्ही डिप्रेशनच मोजताय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळं मिळून एक टोटल काढणं. समजा प्रत्येक पायरीला पाच विधानं, प्रत्येकी १ ते ५ मार्क. एकाचे आले जाणीव २३, पटणं २१, लावून घेणं २२. दुसऱ्याचे जाणीव २४, पटणं ८, लावून घेणं ६. दोघांनाही गाव काय बोलतं ते सारखंच ऐकू येतंय. पहिल्याला समुपदेशनात स्वतःकडे बघायची नजर बदलायला मदत लागेल. दुसऱ्याच्या आत काही बदलायची गरज नाही, त्याला त्रास आहे तो बाहेरच्या लोकांचा, त्याच्यासाठी घरच्यांशी आणि कामाच्या ठिकाणी बोलायला लागेल. एका टोटलमध्ये हा फरक गाडला जातो.

आजाराच्या चौकटीबद्दल जरा जपून. आपण सगळे केंद्रात "दारू हा आजार आहे" हे शिकवतो आणि ते शिकवायलाच हवं, त्याने दोषाचं ओझं उतरतं, बायकोही "मुद्दाम करतो" म्हणायचं थांबवते. पण मानसिक आजारांवरच्या अभ्यासांमध्ये दिसलंय की मेंदूचा किंवा जनुकांचा दोष आहे असं समजावलं की लोक दोष कमी देतात आणि त्याच वेळी हा बरा होणार नाही असं जास्त मानतात. म्हणून आजाराच्या चौकटीची विधानं दोन भागांत ठेवा, "हा आजार आहे, माझा दोष नाही" वेगळं आणि "हा आजार आहे, आता आयुष्यभर हेच" वेगळं. माझ्याकडे दोन्हीला सोळा आणे म्हणणारी माणसं होती, आणि त्यांचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण दुसरं वाक्यही त्यांनी आमच्याकडूनच घेतलं होतं.

केंद्रात विसाव्या दिवशी विचारलं तर सगळे आजारच म्हणतात, रोज सकाळी लेक्चरमध्ये तेच ऐकलेलं असतं. ते पाठ झालेलं असतं, उतरलेलं असेलच असं नाही. त्यामुळे आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी, जाताना, आणि घरी जाऊन दोन महिने झाल्यावर असं तीनदा विचारा. तिसऱ्या वेळेचं उत्तर खरं धरा, कारण तोवर तो माणूस पुन्हा चुलत्याच्या, पारावरच्या आणि लग्नातल्या बोलण्यात राहून आलेला असतो. आणि प्रश्न प्रसंगात घाला: "मुलीला बघायला पाहुणे आले तर तुम्ही पुढे बसाल का आतल्या खोलीत?" आजार म्हणणाऱ्या कितीतरी बापांनी मला "आत" असं उत्तर दिलंय.

एवढं सगळं करायला वेळ आणि माणसं नसतील, रोजच्या ओपीडीत दहा मिनिटंच मिळत असतील, तरी एक चौकट घेऊन चार प्रश्न विचारता येतात आणि केस पेपरवर लिहून ठेवता येतात. तुमच्या भागात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य घ्या, समजा "मनच कच्चं". तुमच्याकडे लोक असं म्हणतात का, किती आणे? तुम्हाला पटतं का, किती आणे? तुमचं स्वतःचं मन कच्चं आहे असं वाटतं का? आणि तसं वाटल्यामुळे या महिन्यात एखादी गोष्ट करायची सोडून दिलीत का, कुठली? शेवटच्या प्रश्नाला आकडा नको, जे सांगतील ते त्यांच्या शब्दांत लिहा, आणि ते लिहून होईपर्यंत पुढच्या पेशंटला आत बोलावू नका.